अण्णाआजोबांची मांडी आणि व्हॅनमधला डबा

मावशी,

माझी मुलगी तिसरीत आहे. जुलैमध्ये तिच्या शाळेत 'गुड टच, बॅड टच'चा कार्यक्रम झाला. गणपतीत आमच्याकडे पन्नासेक माणसं जमतात. सासऱ्यांच्या थोरल्या भावांनी, म्हणजे अण्णांनी, नेहमीप्रमाणे तिला मांडीवर ओढलं आणि पापा घ्यायला लागले. ती मोठ्याने म्हणाली, "नको, मला नाही आवडत." आरतीला जमलेले सगळे गप्प झाले. अण्णा उठून बाहेर जाऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "हेच शिकवतात का शाळेत?" मी घाबरले, लेकीला सगळ्यांदेखत रागावले आणि अण्णांना सॉरी म्हणायला लावलं. तिने म्हटलं.

तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. परवा तिच्या दप्तरात चष्म्याची मोडलेली काडी सापडली, तेव्हा कळलं की व्हॅनमधल्या सातवीच्या तीन मुली जूनपासून तिचा डबा काढून घेतात, 'चष्मिस' म्हणतात, चष्मा लपवतात. "मला का नाही सांगितलंस?" असं विचारलं, तर म्हणाली, "तू मलाच सॉरी म्हणायला लावलं असतंस." सध्या मी डब्यात दोन पोळ्या जास्त देते, म्हणजे त्यांनी खाल्लं तरी हिला उरेल.

माझं चुकलं का? त्या मुलींच्या आयांना गाठू का? आणि हे असलं शिकवून मुलं उद्धट होतात, हे सासूबाईंचं म्हणणं खरं आहे का?

— एक आई, कराड

*

अगं, चुकलं. पण ते मी सांगायची गरजच नाही, तुझ्या लेकीने एका वाक्यात सांगितलंय. तुझा गणपतीतला प्रश्न आणि व्हॅनमधला प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे आठ वर्षांच्या पोरीला कळलं. आपल्याला कळायला चष्म्याची काडी मोडावी लागली.

विहिरीत पोहायला शिकणारं पोर आधी पायरीला धरून एक हात सोडून बघतं. तिने तेच केलं. शाळेत शिकलेला 'नको' पहिल्यांदा वापरून पाहिला तो घरात, आपल्या माणसांत, तू दोन हातांच्या अंतरावर उभी असताना. आणि नेमकं तिथेच तिला कळलं की हा शब्द बोलला की माफी आपल्यालाच मागावी लागते. मग व्हॅनमध्ये, जिथे तू नाहीस, तिथे तो शब्द तिच्या तोंडून निघेल कसा?

आपल्याला लहानपणी एवढंच शिकवलं होतं: अनोळखी माणसाने दिलेलं चॉकलेट खायचं नाही. बस्स, संपलं शिक्षण. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे मात्र वर्षानुवर्षं वेगळंच सांगतात. पॉक्सोखालच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालच्या, अत्याचाराच्या गुन्ह्यांत दहात नऊहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, घरी येणारं-जाणारं माणूस. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण ऑगस्ट 2024 मध्ये उघड झालं, लोक रेल्वेरुळांवर उतरले. त्यानंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करा, असे आदेश निघाले. ते हवेतच. पण कॅमेरा तुमच्या माजघरात येत नाही. तिथे पोरीकडे तिचा 'नको' आणि तिची आई, एवढंच असतं.

मी अण्णांवर आरोप करत नाहीये, हे नीट वाच. शंभरातले बहुतेक अण्णा म्हणजे नुसत्या टोचणाऱ्या मिशा आणि तपकिरीचा वास. पण ते न विचारता ठरवायचं नाही. एकदा, फक्त एकदा, दोघीच असताना, भाज्या निवडताना म्हण किंवा कपड्यांच्या घड्या घालताना म्हण, विचार: "अण्णाआजोबांचं काय आवडत नाही गं तुला?" आणि मग गप्प बस. "त्यांनी इथे हात लावला का? तिथे लावला का?" असं आपण पुढे पुढे बोलायचं नाही. मुलं मोठ्यांना हवं ते उत्तर देतात. मिशा टोचतात म्हणाली, तर विषय संपला. मिशा टोचणं हेही पापा नाकारायला पुरेसं कारण आहे. आणि काही कारण नाही सांगितलं, तरी पुरेसं आहे.

त्याहून वेगळं काही निघालं, तर मात्र घरातल्या बैठकीत मिटवायला जाऊ नकोस. 1098 हा मुलांसाठीचा फोन दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. 2012 च्या पॉक्सो कायद्यात ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि हा कायदा मुलींइतकाच मुलग्यांसाठीही आहे. पोलीस ठाण्याच्या बाकावर पोरीला बसवावं लागेल, या भीतीने पुष्कळ आया गप्प बसतात. तसं करायचं नाही, असं कायदाच सांगतो. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाचं नाव, शाळा, पत्ता छापायला बंदी आहे.

आता सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. त्यांना एक दिवस निवांत विचार, की तरुणपणी एसटीत गर्दी असली की पदराची पिन काढून हातात का धरायच्या. माझी आई धरायची, मीही धरलीय. त्यांनीही धरली असेल. त्या पिढीच्या बायकांना हे सगळं आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, फक्त त्यांनी ते बोलून कधी दाखवलं नाही. नातीच्या हातात पिनेऐवजी शब्द दिलाय, एवढंच त्यांना सांग. माझा अनुभव असा की यानंतर सासू बहुतेक वेळा आपल्या बाजूला येते. नाही आली तर नाही आली.

आणि उद्धटपणाचं म्हणशील, तर आपल्याकडे नमस्कार नावाची फार शहाणी गोष्ट आहे. आदर पुरेपूर, आणि दोन माणसांमधलं अंतर जिथल्या तिथे. अण्णांना तिने नमस्कार केला, त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, तिला चाललं, झालं. मांडीवर बसलंच पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

शाळेचा कार्यक्रम एका दिवसाचा. त्यात बरंच राहून जातं. 'बॅड टच' हा शब्दच मला अपुरा वाटतो. गोड बोलून, गुदगुल्या करून, खेळता खेळता केलेला स्पर्श मुलाला 'बॅड' वाटतोच असं नाही. म्हणून नियम सांगायचा तो सरळ: चड्डी-बनियनच्या आतला भाग आपला. आंघोळ घालताना, किंवा आजारी असताना आई जवळ असेल तेव्हा डॉक्टर, याशिवाय तिथे कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, स्वतःचं दाखवायचं नाही. आणि त्या अवयवांना त्यांची नावं असू देत. 'शेम शेम' म्हणून शिकवलेल्या जागेबद्दल मूल तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

दुसरं, गुपितं. आपण मोठी माणसंच मुलांना याची सवय लावतो. आत्या कुल्फी देते आणि म्हणते, "आईला सांगू नको हं." आजोबा मोबाइल देतात, "आईला सांगू नको." सगळं प्रेमाने. पण नेमकं हेच वाक्य वाईट माणूसही वापरतो, आणि तोवर मुलाला ते ओळखीचं झालेलं असतं. तुमच्या घरात या वाक्याला बंदी घाल. बाबांच्या वाढदिवसाला आणलेला शर्ट लपवायला हरकत नाही; ती गंमत आहे, दोन दिवसांनी उघड होणारी. कधीच सांगायचं नाही असं काही कुणी सांगितलं, तर ते त्याच दिवशी आईला सांगायचं.

आणि हे मात्र तिला अगदी याच शब्दांत सांग: "तुला नको म्हणता आलं नाही, ओरडता आलं नाही, तरी तुझी चूक नाही. उशिरा सांगितलंस तरी चालेल." कारण 'नको म्हणायचं' एवढंच शिकवलं, की ज्या मुलाला ते जमत नाही ते स्वतःलाच दोष देत बसतं.

आता व्हॅन. मला इथे माझी एक गोष्ट कबूल करायची आहे. मी शिक्षिका होते. चौथीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं उशिरा वर्गात यायचा. मी त्याला आठवडाभर दाराबाहेर उभं केलं. नंतर शिपाईमामांनी सांगितलं, की मोठी पोरं नळावर त्याची पाण्याची बाटली ओतून द्यायची, म्हणून ती वर्गात जाईपर्यंत तो मागे लपून बसायचा. ती पोरं चुकीची होती, पण त्याला रोज शिक्षा मी देत होते. त्याआधी एकदा तो मला सांगायला आला होता. मी म्हटलं होतं, "चहाड्या करू नकोस." चहाडी करणाऱ्याला दुसऱ्याला ओरडा बसायला हवा असतो. सांगायला आलेल्याला ओरडाबिरडा काही नको असतो, त्याला सुटका हवी असते. चेहऱ्यावरून कळतं ते, बघितलं तर. मी बघितलं नाही.

त्या मुलींच्या आयांना गाठू नकोस. दोन आया फाटकाशी भांडतील, आणि दुसऱ्या दिवशी त्या तिघी आणि तुझी एकटी त्याच व्हॅनमध्ये असतील. वर्गशिक्षिकेला लेखी दे: कधीपासून, काय काय, चष्मा कुठल्या दिवशी मोडला. मुख्याध्यापकांना प्रत दे आणि तुझ्या प्रतीवर पोच घे. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुलांच्या ने-आणीचे प्रश्न तिच्यापुढे येतात. 2022 पासून सखी सावित्री समितीही, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे बघणारी समिती, शाळेत असायला हवी. पुष्कळ शाळांत या समित्या भिंतीवरच्या फलकावर असतात. तू अर्जात त्यांचं नाव घातलंस की त्या फलकावरून खाली उतरतात. मागणीही साधी ठेव. तिची जागा पुढे, व्हॅनमधल्या ताईंच्या शेजारी. त्या मुलींशी शाळेने बोलावं, पण तुझ्या लेकीला समोर उभं करून नाही. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायला जा, नक्की जा.

"तूही एक ठेवून दे" म्हणू नकोस, सातवीपुढे तिसरी टिकत नाही. "लक्ष देऊ नकोस" तर मुळीच नको. चार महिने तिने तेच तर केलं. घरी तालीम करा. तू ती सातवीतली मुलगी हो, डबा ओढ, आणि तिला मान वर करून म्हणू दे, "डबा माझा आहे. दे." पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा पुटपुटेल, पाचव्यांदा स्वयंपाकघर दणाणेल. मग उलटं कर: ती मोठी, तू लहान. तेव्हा ती तुला काय काय म्हणते ते लक्ष देऊन ऐक. चार महिन्यांत व्हॅनमध्ये काय चाललं होतं, ते सगळं तुला त्यातून कळेल.

या सगळ्याच्या आधी तिला सॉरी म्हण. गुपचूप रात्री अंथरुणात म्हणू नकोस. तिला सगळ्यांसमोर रागावलीस, तर निदान सासूबाई आणि तिचे बाबा ऐकतील असं म्हण. दिवाळीला अण्णा येतीलच. ते हात पुढे करायच्या आत तूच हसून म्हण, "अण्णा, ती आता नमस्कार करते बरं का." आणि तिच्या शेजारी उभी राहा.

आणि उद्यापासून डब्यात त्या दोन जास्तीच्या पोळ्या घालू नकोस.

— मावशी