लॉजच्या बाजूने नदी जाते का, ते आधी बघा

ज्वालामुखीजवळ राहायला जायचंय म्हणून या महिन्यात बरेच प्रश्न आलेत, जवळपास सगळे इंडोनेशियाचेच. त्यातले चार घेतोय.

प्रश्न : योग्याकार्ताला जातोय, सोबत बायको आणि दोन मुलं (८ आणि १२ वर्षं). कालियुरांगकडे मेरापीचा व्ह्यू असलेला एक लॉज आवडलाय, फोटोत खाली नदी पण छान दिसते. ज्वालामुखीपासून किती किलोमीटर लांब असलं की सेफ? (ठाणे)

नुसता किलोमीटरचा आकडा देऊन भागणार नाही, कारण मेरापीवरून जे खाली येतं ते सगळीकडे सारखं पसरत नाही, बरंचसं नद्यांच्या पात्रातून येतं. २०१० ला गरम राख आणि वायूचा लोट काली गेंदोलच्या पात्राने (काली म्हणजे नदी) १५ किमीच्या आसपास खाली आला, त्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर माणसं गेली. म्हणून तर तिथलं सरकारी खातं धोक्याची हद्दसुद्धा नदीप्रमाणे सांगतं, गेल्या काही वर्षांत वोरो नदीला ३ किमी, गेंदोलला ५, क्रासाकला ७ असं.

दुसरं म्हणजे लाहार. डोंगरावर राख साठलेली असते, वर शिखराकडे जोराचा पाऊस पडतो, तुमच्याकडे थेंबसुद्धा नसतो, आणि पात्रातून ओल्या सिमेंटसारखा चिखल मोठमोठे धोंडे घेऊन येतो. त्यासाठी उद्रेक व्हायलाच पाहिजे असं नाही. मी गेंदोलच्या काठावर उभा राहिलोय, खाली वाळू भरणारे ट्रक पात्रात उतरतात, वरून ते काडेपेटीएवढे दिसतात, आणि एवढं खोल पात्र २०१० ला गच्च भरलं होतं हे तिथे उभं राहिल्यावरच डोक्यात शिरतं. जवळच कालिआदेमला काँक्रीटचा बंकर आहे, २००६ ला दोन जण जीव वाचवायला त्यात शिरले आणि आतच गेले. म्हणजे भिंत जाड आहे वगैरेवर तिथे भरवसा ठेवायचा नाही, वेळेत खाली निघणं एवढंच हातात असतं.

म्हणून तुमचा तो नदीकाठचा लॉज मी घेणार नाही, मुलं सोबत असताना तर नाहीच. सॅटेलाईट मॅप उघडा, शिखरापासून खाली आलेले करडे पट्टे दिसतील, त्यांच्यापासून लांब, उंचवट्यावरचं घर शोधा, आणि खाली शहराकडे जाणारा रस्ता कुठला पूल ओलांडतो का तेही बघा. मालकाला मेसेज करून एकच गोष्ट विचारा, २०१० ला तुम्ही कुठे होतात आणि कुठल्या रस्त्याने निघालात? जो नीट सांगेल त्याच्याकडे राहा. व्ह्यू थोडा कमी मिळाला तरी चालेल, पहाटे आभाळ मोकळं असलं की मेरापी लांबूनही डोळ्यात भरतो.

प्रश्न : ब्रोमोला आईबाबांना नेतेय, दोघंही सत्तरीच्या पुढचे. वर गावात राहू की खाली प्रोबोलिंगोला? आम्ही शाकाहारी आहोत. (नाशिक)

ताई, वरच राहा, चेमोरो लावांगला. खाली राहिलात तर सूर्योदयासाठी मध्यरात्रीच उठून घाटरस्ता चढावा लागतो, वरून जीपचा प्रवास बराच कमी. पण गाव २,२०० मीटरच्या आसपास आहे, जुलै-ऑगस्टमधे खाली वाळूच्या मैदानावर दंव गोठतं, आणि साध्या होमस्टेमधे हीटर नसतो. खोलीचे फोटो बघण्यापेक्षा गरम पाणी नक्की येतं का आणि ब्लँकेट किती देतात ते विचारा. विवराच्या कड्यावर जायला सुमारे अडीचशे पायऱ्या आहेत, बाबांचे गुडघे दुखत असतील तर नको, पेनांजाकानच्या व्ह्यूपॉइंटवरून बघितलं तरी पुष्कळ आहे, तिथून ब्रोमोच्या मागे सेमेरू ज्वालामुखीचा धूर पण दिसतो.

तिथले तेंगर लोक हिंदू आहेत, कासादाच्या सणाला विवरात भाजीपाला, कोंबड्या वगैरे अर्पण करतात. त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड असतं, तारीख बघून बुक करा. जेवायला टोफू, टेम्पे मिळेल, पण तिथल्या चटणीत, म्हणजे सांबालमधे, बऱ्याचदा आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट घातलेली असते, त्याला तरासी म्हणतात. ‘तानपा तरासी’ एवढं पाठ करून जा, तानपा म्हणजे शिवाय.

प्रश्न : मला दमा आहे, इजेन ज्वालामुखीच्या विवरातली निळी ज्वाला बघायचीय. एन-९५ मास्क पुरेल का? (पुणे)

नाही पुरणार. एन-९५ राखेचे कण अडवतो, गॅस नाही, आणि तिथे तर गंधकाचाच वायू जळतोय. वारा फिरला की क्षणात धूर अंगावर येतो आणि कडा चढून पळणं दमेकऱ्याला जमत नाही. प्लीज विवरात उतरू नका. खाली बान्युवांगी शहरात राहा, बरोबरच्यांना जाऊ दे, आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर दिवसा फक्त कड्यापर्यंत, तेही धूर नसेल तरच.

प्रश्न : बुकिंग केल्यावर ज्वालामुखी जागा झाला तर पैसे बुडतात का? (डोंबिवली)

इंडोनेशियात ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार लेव्हल आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. आपल्याकडे आवास म्हणजे घर, तिथे आवास म्हणजे सर्वात मोठा धोका, लक्षात ठेवायला सोपं. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी ॲपवर रोजची लेव्हल कळते. पण लेव्हल दोन म्हणजे काही होत नाही असं समजू नका, डिसेंबर २०२३ ला सुमात्रातला मारापी (नाव सारखं, डोंगर वेगळा) दोनवर असतानाच फुटला आणि वर चढलेले वीसहून जास्त जण गेले. हद्द आखलेली असली की ती पाळायची, गाईड चल म्हणाला तरी.

पैशाचं म्हणाल तर लॉजकडून लेखी घ्या की लेव्हल तीन झाली तर रिफंड किंवा तारीख बदलून मिळेल. इन्शुरन्स तिकिटाबरोबरच काढा, उद्रेकाची बातमी आल्यावर काढलेली पॉलिसी त्या उद्रेकाला सहसा लागू होत नाही. आणि राखेमुळे विमानं बंद पडतात ते वेगळंच, २०१७ च्या नोव्हेंबरात आगुंग ज्वालामुखीमुळे बालीचा एअरपोर्ट बंद होता आणि हजारो लोक अडकले होते. तेव्हा परतीच्या तारखेनंतर ऑफिसात लगेच हजर व्हायचं असेल तर दोन दिवस रजा जास्तीची टाका, आणि बीपी-शुगरच्या गोळ्याही त्या हिशोबानेच भरा.