भूतबंगल्यातली पात्रं: मुखवट्याआधी भूत ठरवा

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या आनंदमेळ्यात भूतबंगला करताय, बाजारातून रबरी मुखवटे आणले, पण तालमीत मुलं घाबरण्याऐवजी हसली. जत्रांतल्या भूतबंगल्यांचे पडदे आणि पुतळे मी बरीच वर्षं करतोय. मुखवटे तुमच्याकडे आहेत, भूत अजून ठरलेलं नाही.

मुंजा घ्या. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. एवढं ठरलं की शेंडी, लंगोटी, हातातला पळसाचा दंड, सगळं आपसूक येतं. रक्त नकोच. पहिल्या वळणावर फांदीवरून नुसते दोन पाय लोंबकळू द्या, चेहरा पुढच्या वळणावर. हडळ मात्र मी करत नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईचं ते भूत, आणि येणाऱ्यांत कुणाच्या तरी घरी तसं घडलेलं असतं.

चेहरा असा करा. शाडूचा चेहरा घडवा, त्यावर तेलाचा हात फिरवा, खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे सहा-सात थर द्या. खडखडीत वाळल्यावर कवच सोडवा आणि बाहेरची नव्हे, आतली खोलगट बाजू रंगवा. ती काळ्या कोनाड्यात बसवून खालून मंद दिवा द्या. आठ-दहा फुटांवरून चेहरा उठावाचा वाटतो, आणि बघणारा सरकला की तोही त्याच्याकडे वळतो! कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या हाँटेड मॅन्शनमधले अर्धपुतळे याच युक्तीने माणसांकडे बघत राहतात.

रंग ट्यूबलाइटखाली लावू नका. माझ्या एका वेताळाचे लालभडक डोळे निळ्या दिव्यात पार काळे पडले, ते रात्रीतून पांढऱ्याने पुन्हा काढावे लागले. जो दिवा तिथे असणार, त्याच्याच उजेडात रंगवा.

आणि थर्माकोल, फोम आत नेऊच नका. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन उद्यानाच्या भूतवाड्यात आग लागली, भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि आठ कोवळी मुलं गेली. बाहेर पडायला दोन वाटा ठेवा. आत एक माणूस साध्या कपड्यांत उभा करा, सगळे दिवे एकदम लावायचं बटण त्याच्या हाताशी.