एनोरेक्सियातून (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याच्या मानसिक आजारातून) सावरणाऱ्या बहिणीचे वजन वाढले, तरी ती जेवताना रडते. असे का होते?

कारण शरीर आधी सावरते आणि मन बरेच मागून येते. या आजारातून मी स्वतः गेले असल्यामुळे हे लिहीत आहे. वजन वाढू लागले की घरच्यांना हायसे वाटते, पण माझ्यासाठी तोच काळ सर्वांत कठीण होता, कारण जी भीती उपाशी राहून दाबता येत होती, ती आता प्रत्येक घासाबरोबर समोर येत होती.

शिवाय उपासमारीचाही मनावर स्वतंत्र परिणाम होतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना काही महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा ते चिडचिडे आणि उदास झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले, आणि पुरेसे जेवण पुन्हा मिळू लागल्यावरही अनेकांना पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागले. ते तर या आजाराचे रुग्णही नव्हते! म्हणून तिच्या रडण्याला कृपया हट्ट समजू नका.

‘तब्येत छान झाली’ हे कौतुकसुद्धा तिला ‘जाड झालीस’ असेच ऐकू येईल, तेव्हा नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. तिच्या ताटाकडे न पाहता तिच्याबरोबर जेवा. वजन सुधारले म्हणून मानसोपचार थांबवू नका, आणि तिला भोवळ आली, छातीत धडधडू लागले किंवा ती जीव नकोसा झाल्याचे बोलली, तर लगेच रुग्णालयात न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.