घरच्या ओळखींपलीकडची मतं

प्रिय मित्रा,

कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीची, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक लढवायचं ठरवलंस, मनापासून आनंद झाला. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गॅब्रिएल व्हॅलीत वाढलेल्या, तैवानहून आलेल्या आईवडिलांच्या मुलाने राज्याच्या राजधानीत, सॅक्रॅमेंटोत, जायलाच हवं. पण असेंब्लीत जागा ८० आणि एकेका मतदारसंघात माणसं जवळपास पाच लाख. घरच्या ओळखीतल्या तैवानी कुटुंबांच्या मतांवर एवढी मोठी जागा निघत नाही. लॅटिनो, व्हिएतनामी, चीन-हाँगकाँगहून आलेली, सगळीच दारं वाजवावी लागतील. प्राथमिक फेरीतून पक्ष न बघता पहिले दोघेच अंतिम निवडणुकीत जातात, त्यामुळे हे काम शेवटच्या महिन्यावर टाकू नकोस.

आधी हाताला लागेल असा एक प्रश्न घे: शाळेसमोरचा सिग्नल, एखाद्या इमारतीतली भाडेवाढ. लोकांना घरी जाऊन भेट, अर्धा तास दे आणि बहुतेक वेळ ऐक. उठताना छोटं काम माग, उदाहरणार्थ, ‘पुढच्या बैठकीला शेजारच्या दोन घरांना घेऊन या.’ काम करणाऱ्याला पुढचं मोठं काम दे. नुसती सही देणाऱ्याला कार्यकर्ता समजलास, की ऐन प्रचारात यादी मोठी आणि माणसं गायब, अशी गत होते. आधी शहर परिषदेचा विचार करायलाही हरकत नाही. तैपेईत जन्मलेले टेड ल्यू टॉरन्स शहराच्या परिषदेतूनच २००५ साली असेंब्लीत गेले.

तू काम करतोस ती संस्था करमुक्त धर्मादाय असेल, तर तिची यादी किंवा सभागृह प्रचाराला फुकट वापरता येत नाही. मंदिर, चर्च यांनाही तोच नियम. स्वतःची यादी वेगळी उभी कर.

खरी चूक होते ती पैशात, आणि बहुतेकदा मायेपोटी. देणगीचा पहिला डॉलर घेण्याआधी उमेदवारीचा इरादा जाहीर करणारा फॉर्म ५०१ भरायचा. २,००० डॉलर जमले की दहा दिवसांत प्रचार समितीच्या नोंदणीचा फॉर्म ४१०. शंभर किंवा जास्त डॉलर देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण लिहून घ्यायचं, आणि तेवढी रक्कम रोख घ्यायची नाही. म्हणून तैवानी रिवाजाप्रमाणे लाल पाकिटात नोटा घालून आशीर्वाद देणाऱ्या काकूंना नम्रपणे चेक मागायचा. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात. तैपेईत राहणारे, अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेले मामा नाही. त्यांचे पैसे आईने स्वतःच्या चेकने दिले तरी तो गुन्हाच. हे घरच्यांना पहिल्याच आठवड्यात बसवून समजावून सांग, नाहीतर त्यांचं प्रेमच तुला गोत्यात आणेल.

उमेदवारी अर्जाला मतदारसंघातल्या ४० ते ६० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. प्रत्येक नाव मतदारयादीशी ताडून बघ. मतपत्रिकेवर तुझ्या व्यवसायाला साधारण तीनच शब्द मिळतात, तेही खऱ्या कामाचेच हवेत.

दारोदारच्या फेरीत तासाला पंधरा-वीस दारं होतात, त्यातली थोडीच उघडतात. आजीआजोबांनी दार उघडलं तर घाई करू नकोस. लॉस एंजेलिस काउंटीत मतपत्रिका चिनी भाषेतही मिळते, हे अनेकांना माहीत नसतं. मतपत्रिका टपालाने घरी येते आणि पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळवली जाते. कधी चिनी अक्षरांत, कधी इंग्रजीत सही करणाऱ्यांचं मत इथेच अडकतं. नोंदणीत केली होती तशीच सही करायला सांग, आणि सही जुळत नसल्याचं काउंटीचं पत्र आलं तर त्याच दिवशी उत्तर पाठवायला त्यांच्यासोबत बस.

तुझा हितचिंतक