सांधे बघशीलच, आधी लघवी बघ

प्रिय डॉक्टर,

र्‍ह्युमॅटॉलॉजीत (सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांच्या विभागात) पोस्टिंग लागलीय तर आधी काय वाचू असं विचारलंस, वाचायचं नंतर बघू, आधी एक सवय लाव. पेशंट सांध्यांसाठी येवो की अंगावरच्या रॅशसाठी, दर व्हिजिटला बीपी आणि लघवी बघायची म्हणजे बघायचीच. सांधा दुखला की पेशंट स्वतःच दाखवतो, ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किडनी बिघडत असताना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही.

आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) नॉर्मल आलं म्हणून निवांत होऊ नकोस. लहान चणीच्या मुलीचं ०.९ आलं तर लॅबच्या हिशोबाने नॉर्मल, पण सहा महिन्यांपूर्वी तेच ०.५ असेल तर किडनीचं काम जवळपास अर्ध्यावर आलंय, म्हणून जुने रिपोर्ट मागायचे, कंटाळा आला तरी. लघवीत प्रोटीन दिसलं तर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो पाठव, तो ०.५ च्या वर राहत असेल, त्यात आरबीसी (लाल रक्तपेशी) दिसतायत, सी३ सी४ (ल्युपस भडकला की रक्तात कमी होणारी प्रथिनं) खाली आलेत, तर नेफ्रोवाल्यांशी (किडनीच्या डॉक्टरांशी) बायोप्सीचं त्याच दिवशी बोल. लघवी ताजी घे आणि मायक्रोस्कोपखाली स्वतः बघ, सँपल पडून राहिलं की कास्ट (रक्त किडनीतूनच येतंय हे सांगणारे नळीच्या आकाराचे साचे) विरघळतात आणि रिपोर्टमध्ये नुसतं 'आरबीसी प्लेंटी' येतं. पाळी चालू आहे का हे मात्र आधी विचार, नाहीतर पाळीच्या रक्तामुळे उगाच धावपळ.

स्क्लेरोडर्माची (त्वचा कडक होत जाण्याच्या आजाराची) गोष्ट वेगळी, तिथे स्टिरॉइड जपून. त्वचा झपाट्याने कडक होतेय, आजाराची पहिली चार-पाच वर्षं आहेत, आणि कुणीतरी बरं वाटावं म्हणून प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडच) रोज १५ मिलिग्रॅमच्या वर चालू केलंय, अशा पेशंटचं बीपी अचानक चढलं तर रीनल क्रायसिस (किडनी अचानक बंद पडायला लागणं) समजूनच चाल. ज्याचं नेहमी १००/६० असतं त्याला १४०/९० सुद्धा खूप झालं. कॅप्टोप्रिल (एसीई इनहिबिटर गटातलं बीपीचं औषध) लगेच चालू करायचं, क्रिएटिनिन वाढतंय म्हणून घाबरून बंद करायचं नाही, ही चूक भलेभले करतात. एसीई इनहिबिटर यायच्या आधी यातून फार कमी लोक वाचायचे. डायलिसिसवर गेलेल्यांपैकीही काही जण नंतर त्यातून सुटतात, कधीकधी वर्ष-दीड वर्षाने, तेव्हा ट्रान्सप्लांटची घाई नको.

व्हॅस्क्युलायटिसमध्ये (रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजारात) तर वेळच नसतो, काही आठवड्यांत किडनी जाते. महिनोन्‌महिने सायनसची औषधं खाणारा माणूस, लघवीत रक्त, धाप, आणि हिमोग्लोबिन दोन दिवसांत खाली, तर थुंकीत रक्त नसलं तरी फुफ्फुसात रक्तस्राव होत असू शकतो. एएनसीएच्या (या आजारातल्या अँटिबॉडीच्या) रिपोर्टची वाट बघत बसू नकोस, सिनियरला रात्री उठव.

ताप असलेल्या पेशंटचा ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) एकदम उतरला, प्लेटलेट पण उतरतायत, तर खूश व्हायच्या आधी फेरिटिन पाठव, मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन (प्रतिकारशक्ती बेफाम होणं, यात फेरिटिन खूप चढतं) असं फसवतं.

आरए (र्‍ह्युमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांचा आजार) मध्ये किडनीचा त्रास बऱ्याचदा आपल्या गोळ्यांचाच असतो, वर्षानुवर्षं मनाने घेतलेली पेनकिलर, क्रिएटिनिन वाढतं, मग मेथोट्रेक्सेट (आरएचं आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध) शरीरात साठतं, तोंड येतं, रक्तपेशींचे काउंट पडतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेता ना, असं विचारशील तर सगळे हो म्हणतील, रोज घेणारे सुद्धा. कोणत्या वारी घेता असं विचार, आणि गोळ्यांची पाकिटं समोर ठेवायला सांग.