करंगळीची कळ

बाळा, अनेक आशीर्वाद.

डाव्या करंगळीत कळ येते, म्हणून महागडा कीबोर्ड घ्यायचा म्हणतोस. जरा थांब. आधी इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपल्या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत, 'शाळा' टाइप कर आणि बोटांकडे बघ. श-साठी शिफ्ट आणि एम, मग इंग्रजी ई-च्या बटणावर काना, ळ-साठी पुन्हा शिफ्ट आणि एन, परत काना. एवढ्याशा शब्दात दोनदा शिफ्ट! इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. त्यामुळे ख, थ, ध, भ, श, ळ आलं की शिफ्टसाठी डावी करंगळीच खाली वाकते. दिवसभर अनुवाद करणाऱ्याची ती कुरकुरणार नाही तर काय?

आता तिच्या शेजारी बघ. इंग्रजी ए-च्या बटणाच्या डावीकडे कॅप्स लॉक ऐसपैस बसलाय. (१९८१च्या आयबीएम पीसीवर त्या जागी कंट्रोल होता.) आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, मग याला कशाला पोसायचं? त्यालाच शिफ्ट कर. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये कॅप्स लॉकपुढे डावी शिफ्ट निवडायची, झालं. इंग्रजीच जास्त लिहिणारे तिथे बॅकस्पेस ठेवतात. कोलमॅक नावाच्या इंग्रजी कीबोर्ड-मांडणीत तर तो मुळातच तिथे आहे.

पण एका वेळी एकच बटण. मी हौसेनं एका रात्रीत सहा बदलली. सकाळी काम पोचवायचं होतं आणि कोणतं बटण कुठे गेलं ते आठवेना. मुकाट्यानं सगळी जागच्या जागी आणली. मग फक्त हा एक बदल ठेवला. तरी पहिले दहाबारा दिवस घाईत बोट जुन्या शिफ्टवरच जायचं, म्हणून तिच्यावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावला. खरखर लागली की बोट आपोआप मागे.

आणखी एक. पॉवरटॉइज साइन-इन झाल्यावर जागं होतं. पासवर्डच्या पडद्यावर कॅप्स लॉक हा कॅप्स लॉकच. सवयीनं तो दाबून मी स्वतःच्याच मशीनबाहेर तीनदा उभा राहिलोय. तिथे जुनी शिफ्टच वापर.

बोटाला मुंग्या येत असतील किंवा रात्रीही ठणकत असेल, तर मात्र बटणांशी खेळत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.

रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप आण. चिकटपट्टी माझ्याकडे आहे.

तुझा,
काका