लेफ्टी क्रे कोण होते? समुद्रात फ्लाय फिशिंग करणारे त्यांचं नाव इतक्या आदराने का घेतात?

मी रेवदंड्याच्या खाडीकाठचा, गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद आजोबांकडून आला. आपल्या गरवण्यात शिशाचं वजन पुढे जातं आणि मागून दोरी. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस बांधून केलेलं खोटं आमिष; त्याला वजन जवळजवळ नसतंच. वजन दोरीत असतं आणि तीच हवेत उलगडत फ्लायला पुढे नेते. ही मुळात नदीतल्या ट्राउटची विद्या. समुद्रावर तुफान वारा, फ्लाय मोठी आणि भिजलेली. तिथे ही विद्या चार सामान्य माणसांच्या हाती देणारा माणूस म्हणजे लेफ्टी क्रे.

जन्म १९२५, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं फ्रेडरिक. वडील लहानपणीच गेले, घरची गरिबी; पोरगा नदीतले कॅटफिश धरून विकायचा. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत लढून परतला आणि फोर्ट डेट्रिकच्या जैविक शस्त्रांच्या केंद्रात कामाला लागला. तिथे त्याला अँथ्रॅक्स झाला, त्यातून तो वाचला. त्याच्या शरीरातून मिळालेल्या जिवाणूच्या वाणाला त्याच्याच पूर्ण नावाच्या, बर्नार्ड व्हिक्टर क्रेच्या, आद्याक्षरांवरून बीव्हीके-१ नाव पडलं.

१९४७ साली फ्लाय फिशिंगमधले जाणकार आणि लेखक जो ब्रुक्स त्याच्यासोबत पोटोमॅक नदीवर गेले. पंखवाल्या मुंग्या पाण्यावर पडत होत्या, मासे वर येऊन त्या टिपत होते. जिथे वलय उठेल तिथे ब्रुक्स फ्लाय टाकत आणि मासा लागे. हे पाहून लेफ्टी दुसऱ्याच दिवशी बाल्टिमोरला जाऊन फ्लायची काठी घेऊन आला.

समुद्रात फ्लायने मासे धरणारे त्याच्या आधीही होते, खुद्द ब्रुक्स त्यातलेच. पण तेव्हाचे गुरू घड्याळाच्या काट्यांवरून शिकवत: काठी दहा ते एकच्या मध्येच हलवायची. वाऱ्यात तेवढ्याने भागत नाही. लेफ्टीने काठी खूप मागे, आडवी नेली आणि मनगटाऐवजी अख्खं अंग वापरलं. काठीचा प्रवास लांबला की ताकद कमी लागते. म्हातारी माणसं, लहान मुलंही लांब फेक करू लागली. मला हेच त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

दुसरं काम त्याची 'डिसिव्हर' फ्लाय. चेसापीक उपसागरातल्या स्ट्राइप्ड बास या माशासाठी त्याने ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस बांधली. कोंबड्याची लांब पिसं गळाच्या अगदी मागच्या टोकाला बांधलेली, म्हणून फेकताना ती गळाभोवती गुंतत नाहीत. पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर. पाण्याबाहेर येताच ती निथळून सडपातळ होते, वाऱ्याला अडत नाही. पाण्यात मात्र हुबेहूब लहान मासळी. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर ही फ्लाय छापली गेली. लेफ्टी २०१८ च्या मार्चमध्ये, ९३व्या वर्षी गेले.

मी जिताड्यासाठी डिसिव्हरच बांधतो. हरणाचे केस आपल्याकडे कायद्यात बसत नाहीत, म्हणून बोकडाचे पांढरे केस वापरतो. ते थोडे मऊ पडतात, त्यामुळे झालर जरा दाट ठेवावी लागते.